घट बसायच्या आत

नारळी पौर्णिमेच्या आगेमागे ज्यांनी आठ आठवड्यांचं स्पॅनियलचं पिल्लू घरी आणलं आहे, त्यांनी हे आजच वाचावं. रविवारी निवांत वाचू म्हणून बाजूला ठेवू नये. ज्यांनी अजून आणलेलं नाही, पण ‘गणपतीत आणू, मुलांना सुट्टी असते’ असं घरात चाललंय, त्यांनी तर सगळ्यात आधी वाचावं.

पंचांग काढून बसा. पौर्णिमेला पिल्लू आठ आठवड्यांचं. गणपती बसतात तेव्हा ते अकराव्या आठवड्यात असतं. अनंत चतुर्दशीला बारा ओलांडलेले असतात. पितृपंधरवडा संपून घट बसतात तेव्हा चौदा. दसऱ्याला जवळपास सोळा, लक्ष्मीपूजनाला अठरा उलटलेले. यातल्या घटस्थापनेच्या तारखेला लाल पेनाने गोल करा. माणसं, छत्र्या, जिने, रिक्षा, कुकर हे सगळं ‘जग असंच असतं’ म्हणून बिनतक्रार पदरात घेण्याची मुदत कुत्र्याच्या पिल्लाला साधारण तिसऱ्या आठवड्यापासून मिळते, आणि बारा ते चौदा आठवड्यांत ती सरत येते. तिचे पहिले पाच आठवडे ब्रीडरकडे गेले. तुमच्या वाट्याला आले सहा. त्यातला एक बारसं करण्यात आणि फोटो काढण्यात जातो.

मी ट्रेनर नाही आणि डॉक्टरही नाही. पुण्यात राहते आणि लोकांना नकोसे झालेले कॉकर तात्पुरते सांभाळते. जमलं तर त्यांना दुसरं घर बघून देते. माझ्याकडे येणारे फोन बहुतेक एकाच वयाच्या कुत्र्यांचे असतात, दहा महिने ते दीड वर्ष. म्हणजे लोकरीच्या गुंड्यासारखं दिसणं संपलेलं असतं आणि बारा-चौदा किलोचं, ताकदीचं, डोकं असलेलं जनावर घरात उभं असतं.

गेल्या चैत्रातला एक फोन सांगते. “काकू, चावतो हो. मुलाला चावला.” मी गेले. सोनेरी कॉकर, चौदा महिन्यांचा, सोफ्याखाली. पुढच्या दोन पंजांमध्ये मुलाचा शाळेचा पांढरा मोजा. हनुवटी मोज्यावर टेकलेली, अंग ताठ, आणि डोळ्यांच्या कडेला पांढऱ्याची कोर दिसत होती. वडिलांनी मला अंगठ्यावरची खूण दाखवली. “आम्ही काय कमी केलंय त्याचं? गादी घेतली, उन्हाळ्यात एसी लावून देतो.” मी विचारलं, लहानपणी तोंडातली वस्तू कशी काढून घ्यायचात? त्यांनी हाताने अभिनय करून दाखवला: एका हाताने जबडा दाबायचा, दुसऱ्याने खेचायचं, वर नाकावर एक टपली. “आणि शिकवलं काय काय?” त्यावर आलं ते उत्तर मी प्रत्येक घरात ऐकते. “लहान होता ना, म्हटलं सहा महिन्यांचा झाला की ट्रेनर लावू.”

सहा महिन्यांचं हे प्रकरण कुठून आलं? जुन्या पद्धतीत गळ्यात आवळणारी साखळी घालून, झटके देऊन शिकवत. त्या झटक्यांसाठी मान जरा जाड व्हावी लागते, म्हणून सहा महिने थांबायचं. तेवढंच त्यामागचं शास्त्र. पद्धत मागे पडली तरी आकडा लोकांच्या तोंडात राहिला. पिल्लू आठव्या आठवड्यातही शिकत असतं. तुम्ही शिकवत नसाल तर ते स्वतःच्या स्वतः शिकतं, आणि जे शिकतं ते बहुधा आपल्याला परवडत नाही.

ही मुदत कोणाच्या अनुभवाच्या गोष्टीतून आलेली नाही. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९६५ साली त्याचा ग्रंथ काढला. त्या पाचांत एक जात कॉकर स्पॅनियलची होती. त्याच्या चार वर्षं आधी, १९६१ मध्ये, तिथल्याच संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. कॉकर आणि बीगलची पिल्लं त्यांनी उंच कुंपणाच्या आवारात आईबरोबर वाढवली, माणसाशी संबंध येऊ न देता. वेगवेगळ्या वयाची पिल्लं आठवडाभरापुरती माणसांत आणून परत सोडली. काहींना मात्र चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटूच दिला नाही. ती पिल्लं पुढे माणसाला पाहून रानातल्या प्राण्यासारखी वागली. कॉकर म्हणजे जातीनेच लाडात येणारा, कोणाच्याही मांडीवर चढणारा कुत्रा अशी आपली समजूत आहे. चौदा आठवड्यांनी जातीचं हे भांडवलही पुसलं गेलं.

आता खरी अडचण. तुम्ही म्हणाल, डॉक्टरांनी सांगितलंय, सगळी इंजेक्शनं होईपर्यंत बाहेर काढायचं नाही. बरोबर सांगितलंय. पार्व्हो हा पिल्लाला दोन-चार दिवसांत संपवू शकणारा रोग आहे, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि आपल्या गल्लीतल्या मातीत तो नसेल असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर दोन-चार आठवड्यांनी पुढची, असं करत शेवटची सोळाव्या आठवड्याच्या सुमाराला येते. रेबीजची तीन महिन्यांनंतर. म्हणजे लसी संपतात दसऱ्याला आणि मुदत संपते घटस्थापनेला. जे कुटुंब दसऱ्यापर्यंत पिल्लाला फ्लॅटमध्ये कोंडून ठेवतं ते त्याला पार्व्होपासून वाचवतं आणि भित्रेपणाच्या हवाली करतं. अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेने २००८ साली आपलं मत जाहीर केलं: पहिली लस आणि जंतांचं औषध झाल्यावर सात दिवसांनी पिल्लू स्वच्छ जागी, निरोगी कुत्र्यांत आणि माणसांत आणायला हरकत नाही. तीन वर्षांखालच्या कुत्र्यांचे जीव रोगापेक्षा वागणुकीच्या तक्रारींनी जास्त जातात, हेही त्यांनी त्यातच लिहून ठेवलंय.

यावर आपल्याकडचा तोडगा फार जुना आहे आणि फुकट आहे. कडेवर घ्या.

तीन-चार किलोचं पिल्लू. पंजे जमिनीला लागू द्यायचे नाहीत, एवढा एकच नियम. जुन्या ओढणीची झोळी करा किंवा भाजीची कापडी पिशवी छातीशी धरा. त्यातून फक्त डोकं आणि ते दोन लांब कान बाहेर. असं पिल्लू घेऊन मंडईच्या कोपऱ्यावर दहा मिनिटं उभं राहा. हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा, हातगाडीची खडखड, फट्‌कन उघडलेली छत्री, बुरखा, गॉगल, रेनकोट, शाळेतून सुटलेली पोरं. काही करायचं नसतं. ते बघेल, तुम्ही उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा द्यायचा. पुन्हा बघेल, पुन्हा तुकडा. चिकन चालत नसेल त्या घरात पनीर. रिक्षात बसवून दोन स्टॉप फिरवून आणा. एसटी स्टँडवर जा. मैत्रिणीच्या घरी न्या, तिचा कुत्रा लस घेतलेला आणि शांत असेल तर दोघांना तिच्या दिवाणखान्यात भेटू द्या. रोज एक नवी गोष्ट, दहा-पंधरा मिनिटं. मग घरी आणून झोपवा. हे काम आजी-आजोबांना फार छान जमतं. नातवाला खांद्यावर टाकून ‘ती बघ चिऊ’ करणाऱ्यांना वेगळं काही शिकवावं लागत नाही.

आणि ढोल. पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, गणपतीच्या दीड-दोन महिने आधी नदीकाठी संध्याकाळी पथकांचा सराव सुरू होतो. याच्याबद्दल मी दरवर्षी तक्रारी ऐकते आणि दरवर्षी सांगते, पिल्लू असेल तर हा सराव म्हणजे दारात आलेली शाळा आहे. पण जवळ नेऊ नका. दोन-तीन गल्ल्या अलीकडे, जिथे ठोका नुसता पोटात जाणवतो, तिथे उभं राहा आणि तुकडा द्या. पिल्लू खातंय का बघा. खात असेल तर अंतर बरोबर आहे. तुकडा हुंगून तोंड फिरवलं, कान मागे गेले, जांभया सुरू झाल्या, तर मागे फिरा, अजून दोन गल्ल्या. जबरदस्तीने जवळ नेऊन ‘सवय होईल’ म्हणणाऱ्यांनी घडवलेले कुत्रे विसर्जनाच्या रात्री बाथरूममध्ये बादलीमागे बसलेले असतात. घरी आरती असेल तर आतापासून झांजेला रुमाल गुंडाळून एकदाच हळू वाजवा, लगेच तुकडा. चार दिवसांनी रुमाल पातळ करा. एका घरात हे काम आठ वर्षांच्या मुलीकडे दिलं होतं, तिने वहीत रोजचे ठोके लिहून ठेवले. त्यांचा कॉकर आता आरती सुरू झाली की स्वयंपाकघरातून धावत येतो, प्रसादाच्या आशेने. (प्रसादात मनुका-बेदाणे असतील तर त्याला चुकूनही देऊ नका. कुत्र्याच्या मूत्रपिंडांना ते घातक आहेत. चॉकलेट आणि कांदाही नाही.)

आता त्या मोज्याकडे येऊ, कारण स्पॅनियलचा सगळा स्वभाव त्या मोज्यात आहे. ही शिकाऱ्याबरोबर काम करणारी जात. कॉकर हे नावच वुडकॉक नावाच्या पक्ष्यावरून पडलं. दाट झुडपात नाक घालून नागमोडी धावायचं, दबा धरून बसलेला पक्षी उडवायचा, आणि गोळी लागून पडला की पीसही न विस्कटता तोंडात धरून मालकाच्या हातात आणून द्यायचा. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने यासाठीच त्यांची निवड केली. त्यामुळे दोन महिन्यांचं पिल्लू मोजा, रिमोट, आजोबांची कवळी यांतलं काहीही उचलून शेपटी हलवत तुमच्या दिशेने येतं तेव्हा ते खोडी काढत नसतं, आपलं काम करत असतं. आणि आपण काय करतो? ओरडतो, पाठलाग करतो, कोपऱ्यात गाठून जबडा उघडतो. दहा वेळा असं झालं की ते दोनपैकी एक गोष्ट शिकतं: वस्तू घेऊन सोफ्याखाली जायचं, नाहीतर गिळून टाकायची. पुढे गुरगुर, मग दात.

करायचं ते याच्या उलट. पिल्लू काही घेऊन आलं की खाली बसा, शाबासकी द्या, वस्तूला हात लावू नका. छातीवर खाजवा. मग नाकापुढे चिकनचा तुकडा धरा. तोंड उघडलं की त्याच क्षणी ‘सोड’ म्हणा. शब्द आधी नको, तोंड उघडताना. तुकडा त्याला, वस्तू तुम्हाला. आणि वस्तू धोक्याची नसेल तर ती लगेच परत द्या. ही परत देण्याची गोष्ट लोकांना पटत नाही, पण सगळी गंमत तिथेच आहे. सोडलं तरी गमावत नाही, उलट वर काहीतरी मिळतं, हा व्यवहार एकदा कळला की पिल्लू तुम्हाला शोधत येऊन वस्तू हातात देतं. रोज पाच-सहा वेळा, खेळ म्हणून करा. कॉकरमध्ये वस्तू राखण्याची खोड बऱ्यापैकी दिसते, काहींत ती जन्मतःच जास्त असते, हे मान्य. पण माझ्या सोफ्यांखालून मी जे काढले, त्यातले बहुतेक खेचाखेचीने घडवलेले होते. जेवणाच्या भांड्याचंही तसंच. ‘मालक कोण ते कळायला हवं’ म्हणून खाताना भांड्यात हात घालणारे शूर लोक असतात. तुमच्या ताटात कोणी रोज हात घातला तर? जाता जाता भांड्यात आणखी चांगला घास टाका. मग तुमचा हात जवळ आल्यावर शेपूट हलेल.

चौदा महिन्यांच्या त्या सोनेरी साहेबांशी हा व्यवहार जमवायला मला सात महिने लागले. आठ आठवड्यांच्या पिल्लाला आठवडा पुरतो.

हाक मारल्यावर येणं. इथे मराठी घराची एक खास अडचण आहे. ‘ये’ हा आपल्या घरात दिवसभरात सगळ्यात झिजणारा शब्द. अगं ये ना, जेवायला या, ए इकडे ये, येते गं. पिल्लाला तो पंख्याच्या आवाजासारखा होऊन जातो. ‘बस’चीही तीच गत. बस म्हणजे बसायचं, पुरे झालं की पीएमपीची गाडी, त्याने काय समजायचं? त्यातून आजी म्हणणार ‘बस’, मुलगा म्हणणार ‘सिट’, आणि बाबा रागावले की इंग्रजीत शिरणार. भाषा कोणतीही ठेवा, कुत्र्याला मातृभाषेचा अभिमान नसतो. पण घरातल्या सगळ्यांचा शब्द एक ठेवा आणि फ्रीजवर लिहून चिकटवा.

बोलावण्यासाठी मी शिट्टी सुचवते. इंग्लंडमध्ये शिकारी कुत्र्यांचे ट्रेनर स्पॅनियलला शिट्टीवरच वाढवतात. तिथे २१०.५ क्रमांकाची प्लॅस्टिकची छोटी शिट्टी स्पॅनियलसाठी ठरून गेलेली आहे. फायदा असा की शिट्टीला राग येत नाही, सर्दी होत नाही, आई फुंको की मुलगा, आवाज तोच. मात्र आतमध्ये गोटी असलेली, वॉचमन रात्री फुंकतो तशी घेऊ नका, नाहीतर पिल्लू रात्री दोन वाजता दारात हजर. जेवणाचं भांडं खाली ठेवताना तीन छोट्या शिट्ट्या, रोज, प्रत्येक जेवणाला. आठवडाभराने दुसऱ्या खोलीतून. मग जिन्यातून. लसी झाल्यावर बागेत लांब दोरी बांधून. आणि एक पथ्य: शिट्टी वाजवून जवळ बोलावून कधीही अंघोळ, औषध किंवा ओरडा द्यायचा नाही. त्यासाठी आपण उठून त्याच्याकडे जायचं. स्पॅनियल एकदा वासावर गेला की कान बंद होतात, जगात त्याच्यासाठी फक्त नाक उरतं. त्या नाकाशी स्पर्धा करायची तर शिट्टीचं खातं बारा आठवड्यांपासून भरलेलं हवं.

नाकालाही काम द्या. निम्मं जेवण भांड्यात न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा, गच्चीत कुंड्यांमध्ये विखरून टाका. दहा मिनिटं हुंगत शोधणारं पिल्लू अर्धा तास धावलेल्यापेक्षा जास्त दमतं. आणि मुलांच्या हातातली ती लाल ठिपका पाडणारी लेझर लाईट आजच कपाटात टाका. कधीच हाती न लागणाऱ्या ठिपक्यामागे धावून काही स्पॅनियल पुढे भिंतीवरच्या सावल्या, ताटावरून उडालेला कवडसा यांच्यामागे तासन्‌तास लागतात. मी असा एक पाहिलाय, पाण्याच्या पेल्याच्या कवडशापुढे उभा, थरथरत. ते वेड मुलांच्या दहा मिनिटांच्या हसण्यातून सुरू झालं होतं.

शी-शूबद्दल फार लिहीत नाही, ते जमतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि एरवी दर दोन तासांनी ठरलेल्या जागी न्या, उभे राहा, झालं की तिथल्या तिथे तुकडा द्या. चुकून घरात झालं तर गप्प पुसा. फिनाईलने वास आपल्यापुरता जातो, त्याच्या नाकापुरता नाही. विकरवाला म्हणजे एन्झाइमचा क्लीनर मिळतो तो वापरा. त्यात नाक घासणं हा अडाणीपणा आहे, तो करू नका. पण कॉकरबाबत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पाहुणे आले, कोणी वाकून डोक्यावर हात ठेवायला गेलं, किंवा तुम्ही आवाज चढवला, की काही पिल्लं जमिनीला चिकटतात आणि चार थेंब सोडतात. याला शिस्त नाही असं समजून लोक ओरडतात. ते पिल्लाच्या भाषेत ‘मी लहान आहे, मारू नका’ असं म्हणणं असतं. ओरडलात तर आठ थेंब. गौरी-गणपतीला घर भरलेलं असेल तेव्हा दारातच सांगून टाका: पिल्लाकडे बघायचं नाही, वाकायचं नाही, ते आपणहून आलं तर हनुवटीखाली खाजवायचं. आत्याबाई नाराज होतील. होऊ द्यात.

दातांचंही थोडक्यात. अठ्ठावीस दुधाचे दात सुयांसारखे असतात आणि चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात. तोवर ते चावणारच. हातावर दात लागले की खेळ थांबवून उठून जा, अर्ध्या मिनिटाने परत या, आणि चघळायला वेगळी वस्तू द्या. जुनी चप्पल देऊ नका, नव्या-जुन्यातला फरक त्याला कळत नाही. तिन्हीसांजेला अंगात आल्यासारखं घरभर सुटलेलं, पायजम्याला लटकणारं पिल्लू बहुतेक वेळा दमलेलं असतं. या वयात अठरा-वीस तास झोप लागते, आणि आपल्या घरात टीव्ही, मुलं, पाहुणे यांत ती मिळत नाही.

त्यासाठी क्रेट घ्या. ‘पिंजरा’ म्हटलं की घरातली मोठी माणसं बिथरतात, म्हणून मी त्याला खोली म्हणते. दार उघडं, आत गादी, जेवण आत. हळूहळू दार दोन मिनिटं बंद, तुम्ही समोरच. मग तुम्ही स्वयंपाकघरात. मग कचरा टाकून यायला खाली. स्पॅनियल माणसाच्या पायात पाय घालून चालणारी जात आहे, बाथरूमच्या दाराबाहेरही बसून राहते. घरून काम करणाऱ्यांना हे गोड वाटतं, आणि सहा महिन्यांनी ऑफिसला बोलावणं आलं की सोसायटीच्या ग्रुपवर भुंकण्याचे रेकॉर्डिंग यायला लागतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या नियमावलीप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे खरं. पण कायदा तुमच्या बाजूने असला तरी दाराआड चार तास रडणाऱ्या जिवाला त्याचा काय उपयोग? एकटं राहणं ही शिकवायची गोष्ट आहे. रोज, थोडी थोडी, रडायच्या आत परत येऊन.

आणि कान. माझ्याकडे आलेल्या कॉकरांपैकी कान निरोगी असलेला मला आठवत नाही. लोंबते, आतून केसाळ, हवा न लागणारे. पावसाळ्यात आत दमटपणा, बाहेर गोचीड. पाऊस संपून गवत वाळलं की कुसळं. ही कुसळं कानात, बोटांच्या बेचक्यात शिरतात आणि आतच सरकत जातात, काढायला भूल द्यावी लागते. आत्तापासून रोज रात्री एक मिनिट द्या. कानाची पाळी उचला, आत बघा, वास घ्या, तुकडा. पंजा हातात, बोटं फाकवा, तुकडा. ओठ वर, दात बघा, तुकडा. कंगवा एकदा फिरवला, तुकडा. पहिल्या दिवशी तीन सेकंदच. हे केलेला कुत्रा डॉक्टरांच्या टेबलावर स्वतः कान पुढे करतो. न केलेल्याला चार जण दाबून धरतात, तोंडाला जाळी बांधतात, आणि दुखऱ्या कानाला हात लावणारा प्रत्येक माणूस त्याचा शत्रू होतो.

ज्यांनी अजून पिल्लू आणलेलं नाही त्यांना दोन शब्द. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि विकणारा ब्रीडर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदलेला असावा लागतो. ‘पस्तीस दिवसांचं आहे, लवकर नेलं की लळा लागतो’ असं सांगणाऱ्याकडून घेऊ नका. चावण्याचा जोर किती ठेवायचा हे पिल्लू आई आणि भावंडांकडूनच शिकतं, ते आठवडे चोरून आणलेलं पिल्लू तुम्ही घरी आणता. आई बघायला मागा. ती दाखवत नसतील तर उठून या. ती तुम्हाला पाहून मागे सरत असेल, गुरगुरत असेल, तरीही उठून या, पिल्लू कितीही गोंडस असो. आणि घरात दिवसा कोणीच नसेल तर यंदा आणूच नका. मुलांना वाईट वाटेल, ते चालतं.

सहा महिन्यांचा झालेला कुत्रा घरात असेल, तर हे सगळं वाचून हात टेकू नका. वर सांगितलेलं सगळं तेव्हाही करता येतं, फक्त आठवड्यांच्या जागी महिने मोजावे लागतात. माझी स्वतःची पहिली कॉकर, बर्फी, अशीच दसऱ्यापर्यंत घरात कोंडलेली होती. माझ्याच घरात, माझ्याच हातून. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. उघडी छत्री पाहून ती रस्त्यात बसून पडायची. पुढचे दोन पावसाळे मी तिला भिजत फिरवली, रेनकोट घालून, छत्री न उघडता.

आज संध्याकाळी एवढंच करा. चिकन उकडा, बारीक तुकडे करून डबीत भरा. जुनी ओढणी काढा. पिल्लाला कडेवर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जा, दहा मिनिटं उभे राहा आणि परत या. उद्या पुन्हा जा.